चांगल्या गोळ्या कपाटात

अन्याय झाला तो एका दीड वर्षाच्या हरणावर. नर, वीतभर शिंगं, अजून फाटे फुटलेले नाहीत. चौऱ्याऐंशी साली, थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी, सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी, पेनसिल्व्हेनियातल्या एका ओकच्या टेकडीवर. करणारे माझे वडील. वेळ नेमकी सांगता येते, कारण थंडीने पायांची बोटं बधिर झाली होती आणि मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते, की हे संपणार कधी.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. कॉलेजात शिकारीविरुद्ध, प्राण्यांच्या बाजूने पत्रकं लिहायचे. एक कागद, दोन्ही बाजू, लायब्ररीच्या दारात वाटायचा. थँक्सगिव्हिंगला घरी येताना त्याचा गठ्ठा बॅगेत होता. बाबांनी जेवणाच्या टेबलावर एक उचलला, शेवटपर्यंत वाचला, पेन काढून दोन स्पेलिंगं सुधारली आणि म्हणाले, "हे सगळं तू पाहिलंयस का?"

"नाही."

"मग सोमवारी चल. आधी बघ, मग लिही."

बाबा सर्जन. गावातल्या एकुलत्या एका हॉस्पिटलात. हे गाव असं की हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो त्या सोमवारी शाळेला सुट्टी असते, गिरणी अर्धी रिकामी असते आणि ज्याला ऑपरेशनची तारीख त्या दिवशी दिली तो पेशंट येतच नाही. हॉस्पिटलातले लोक बाबांना दर वर्षी बोलवायचे. तीन वर्षं बाबा हसून टाळत राहिले. चौथ्या वर्षी त्यांनी जुनी रायफल विकत घेतली, सेफ्टीचा कोर्स केला, लायसन्स काढलं. सोबत काका. काका म्हणजे बाबांचे मित्र, पोलाद कारखान्यात इंजिनीयर. दोघं या देशात एकाच वर्षी आले, एकाच खोलीत राहिले. काकांची रायफल बाबांच्या आधीची होती आणि हे ते कुणाला विसरू देत नसत.

तर सात वीस. दीडशे यार्डांवर ते हरीण ओकच्या दोन झाडांमधून बाहेर आलं आणि आडवं उभं राहिलं. बाबांनी फांदीवर रायफल टेकवली, खांद्यामागची जागा धरली, श्वास अर्धा सोडला. सगळं कोर्सात शिकवलेलं. बार झाला. हरणाने पाठीची कमान केली, चारही पाय पोटाखाली घेतल्यासारखे, आणि मग ते पळालं नाही. चालत गेलं. मान खाली घालून, हळू, एखाद्याच्या पोटात दुखत असावं तसं.

"डॉक्टर," काका म्हणाले, "पेशंट चालत घरी गेला की!"

बाबा हसले. मी ते हसू विसरलेले नाही आणि विसरणार नाही.

जिथे ते उभं होतं तिथे बर्फावर रक्त जवळजवळ नव्हतं. पांढरट केस होते आणि हिरवट, चिकट काहीतरी होतं. बाबा वाकले, हातमोजा काढला, बोट लावून वास घेतला. त्यांचा चेहरा बदलला. तो वास त्यांच्या रोजच्या कामातला होता.

"आतड्याला लागलीय," ते म्हणाले.

पोटाला लागलेलं हरीण थोड्या अंतरावर जाऊन पडतं. त्याला काही तास एकटं सोडायचं असतं, नाहीतर ते उठून पुन्हा चालतं. हे मला नंतर कळलं. बाबांना आणि काकांना तेव्हाच ठाऊक असायला हवं होतं. काकांना थंडी वाजत होती, त्यांना थांबायचं नव्हतं. आम्ही मागे निघालो. ते पडायचं, आम्ही पोचायचो, ते उठायचं. आम्ही त्याला चार तास तसं उठवत राहिलो. तिसऱ्यांदा उठलं तेव्हा पोटातून काहीतरी लोंबत होतं आणि ते मागच्या पायात अडकत होतं.

शेवटी ओहोळाकाठी एका पडलेल्या झाडामागे सापडलं. बसलं होतं. मान ताठ, कान आमच्याकडे. उठायचा प्रयत्न केला, पुढचे पाय उठले, मागचे नाही. बाबा पंधरा फुटांवर उभे राहिले आणि रायफल उचलली. पहिली गोळी मानेऐवजी खांद्यात गेली. हरीण ओरडलं. हरीण ओरडतं हे मला माहीतच नव्हतं. आमच्या पत्रकात ते कुठे नव्हतं. दुसऱ्या गोळीने संपलं.

काकांनी कॅमेरा काढला. "डॉक्टर, शिंगं धरा. अगं, तू पण बस बाजूला, इंडियात पाठवू."

मी बसले नाही. बाबा बसले.

पोट उघडल्यावर आत सगळं एक झालं होतं. चार तासांत त्या घाणीने मांस आतून नासवलं होतं. मागच्या मांड्या कशाबशा वाचल्या, बाकीचं तिथेच सोडलं. रोज माणसांची फुटलेली आतडी शिवणारा माणूस कोपरापर्यंत हात घालून बसला होता आणि तोंडातल्या तोंडात म्हणाला, "पर्फोरेशन." एवढंच. जणू केस दुसऱ्या कुणाची होती.

संध्याकाळी काका जेवायला थांबले. दीडशे यार्डांचे तोवर दोनशे झाले होते. आईने वाढता वाढता विचारलं, "त्याला फार त्रास नाही ना झाला?"

"छे हो वहिनी," काका म्हणाले. "झोपल्यासारखं गेलं."

मी बाबांकडे पाहिलं. बाबा पोळीचा तुकडा मोडत होते. "बॅड लक," ते म्हणाले. "थोडं खाली बसलं. होतं असं."

मी ताटावरून उठले. नशीब हा शब्द नेम धरणाऱ्याने वापरायचा नसतो. ऑपरेशन टेबलावर कुणी तो वापरला असता तर बाबांनी त्याला थिएटरबाहेर काढलं असतं.

त्या आठवड्यात मी कॉलेज बुडवलं. बाबांनी सप्टेंबरात नेमबाजीच्या रेंजवर सरावासाठी मारलेले निशाणाचे कागद गॅरेजमध्ये होते. शंभर यार्डांवरचे. भोकं सगळी मधोमध, एकमेकांना चिकटून. नेम वाईट नव्हता. मग गोळी वीतभर खाली गेली कशी? मी कागद उचलले, कपाटातली आणि गॅरेजमधली अशी काडतुसांची दोन्ही खोकी उचलली आणि शेजारच्या म्हाताऱ्यांकडे गेले. त्यांनी आयुष्यभर एका कारखान्यात लेथवर साचे कोरले होते. बायको वारली होती. तळघरात ते हाताने काडतुसं भरायचे. खाली दिवा दिसला की समजायचं, काम चालू आहे. मी त्यांना सर म्हणायचे आणि ते मला पोरी म्हणायचे. बोलणं सगळं इंग्लिशमध्ये, पण माझ्या डोक्यात ते मराठीतच उरलंय.

त्यांनी दोन्ही खोक्यांतलं एकेक काडतूस टेबलावर उभं केलं.

"सराव कशाने केला?"

मी लष्करी स्वस्त माल दाखवला. टोकदार, पूर्ण तांब्याने मढवलेली गोळी.

"आणि हरणावर?"

मी दुसरं दाखवलं. जड गोळी, शिशाचं मऊ टोक, चकचकीत खोकं.

"का?"

मी सांगितलं. आमच्या घरी चांगली वस्तू वापरायची नसते. चांगला डिनर सेट पाहुण्यांसाठी. चांगले टॉवेल इंडियाहून कुणी आलं तर. सोफ्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. आणि चांगल्या गोळ्या बाबांनी कपाटात डिनर सेटच्या वरच्या फळीवर ठेवल्या होत्या, खऱ्या दिवसासाठी. सराव काय, कशानेही होतो. गोळी एकाच मापाची आहे ना? रायफलीत बसते ना? मग झालं.

म्हातारे ऐकत राहिले. मग हसायला लागले, आणि ते हसू चांगलं नव्हतं.

"म्हणजे तुझा बाप परीक्षेचा अभ्यास एका विषयाचा करतो आणि पेपर दुसऱ्याच विषयाचा देतो."

शनिवारी बाबा हॉस्पिटलात असताना मी त्यांची रायफल घेतली. न विचारता, हे लपवत नाही. म्हाताऱ्यांनी रेंजवर वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून स्वस्तातल्या तीन झाडल्या. मधोमध. मग चांगल्या तीन. तिन्ही एकमेकींजवळ, पण मधल्या ठिपक्यापासून एक वीत खाली आणि चार बोटं उजवीकडे. डावीकडे तोंड करून उभ्या हरणाच्या खांद्यामागे नेम धरला, तर उत्तर पोटात आलं. उजवीकडे तोंड असतं तर कदाचित पाय तुटला असता. एवढाच काय तो नशिबाचा भाग.

मी तो कागद बाबांच्या समोर ठेवला. त्यांनी बराच वेळ पाहिला. एक्स-रे पाहावा तसा, दिव्याकडे धरून.

"म्हणजे चूक गोळीची."

"चूक तुमची. तीन गोळ्यांचा प्रश्न होता, बाबा. तीन चांगल्या गोळ्या आधी कागदावर मारल्या असत्या तर कळलं असतं. तुम्हाला त्या वाया घालवायच्या नव्हत्या."

"आवाज खाली."

"हरणाचा ऐकलात ना? मग माझा पण ऐका."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि वर निघून गेले. रायफल विचारल्याशिवाय का घेतलीस, हेसुद्धा विचारलं नाही.

जानेवारीत मी पत्रक काढलं. मराठीत. हाताने लिहून कॉलेजात कॉप्या काढल्या. आमच्या भागातले मराठी लोक एका शाळेच्या हॉलमध्ये संक्रांतीला जमायचे. तिथे तिळगुळाच्या ताटाशेजारी मी गठ्ठा ठेवला. नावं घातली नव्हती. 'एक सर्जन' आणि 'एक इंजिनीयर' एवढंच. आमच्याकडे सर्जन एकच होता. बाबा शिकारीला जातात हे आईने मैत्रिणींपासून तोवर लपवलं होतं. अर्ध्या हॉलने ते माझ्या कागदावरून वाचलं. लोंबणाऱ्या आतड्यासकट, तिळाची वडी हातात धरून. एक मावशी वडी खाली ठेवून बाथरूमकडे गेली.

काका माझ्याजवळ आले. हातात चुरगळलेला कागद.

"आज संक्रांत आहे. आज तरी गोड बोल."

"झोपल्यासारखं गेलं, हे गोड होतं काका. खोटं होतं."

"तुझ्या बापाने ज्या हातांनी तुला वाढवलं..."

"त्याच हातांनी. बरोबर."

परतीच्या गाडीत आई खिडकीकडे तोंड करून रडत होती. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "त्या हरणाचं तू चांगलं केलंस. माझं काय केलंस ते बघ." ते मी पाहिलं, आजही पाहते. पण पत्रक मागे घेतलं नाही. बाबा माझ्याशी मेपर्यंत बोलले नाहीत. फोन केला की रिसीव्हर आईकडे द्यायचे.

मला एकच गोष्ट हवी होती. पुढचा नोव्हेंबर यायच्या आत या माणसाला त्याची रायफल कळली पाहिजे, नाहीतर त्याने ती उचलायची नाही. यात मधला मार्ग नव्हता. मधल्या मार्गावर पुढचं हरीण उभं होतं.

उन्हाळ्यात मी म्हाताऱ्यांच्या तळघरात काम शिकले. माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणींनी माझ्याशी बोलणं सोडलं. पत्रकं वाटणारी मुलगी गोळ्या भरते! मी त्यांना सांगितलं, की इथली माणसं शिकार सोडणार नाहीत, ना तुमच्या पत्रकाने ना माझ्या. ती मारणारच असतील तर प्रश्न उरतो तो हरणाच्या शेवटच्या चार तासांचा. ते चार तास चार सेकंदांवर आणता येतात. तुम्हाला ते घाणेरडं काम वाटतं, कारण तुम्ही ओहोळापाशी उभ्या नव्हता.

काडतुसात चारच वस्तू असतात: पितळी नळी, बुडातली ठिणगी पाडणारी टोपी, दारू आणि गोळी. झाडल्यावर नळी उरते. ती पुसायची, तेल लावून प्रेसमध्ये दाबून पुन्हा मापात आणायची, जुनी टोपी काढून नवी बसवायची, दारू काट्यावर तोलून ओतायची, गोळी दाबायची. ऐकायला सोपं. म्हाताऱ्यांचे नियम असे: दारूचं प्रमाण छापील पुस्तकातलं, अंदाज नावालाही नाही. खालच्या मापापासून सुरुवात. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. रेडिओ बंद, तोंड बंद. एकदा मी दारू ओतताना काहीतरी सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "आत्ता भरलीस ती नळी कितवी?" मला सांगता येईना. त्या दिवशीची पन्नासच्या पन्नास काडतुसं त्यांनी मला एकेक करून मोडायला लावली. हाताला फोड आले.

"एखाद्या नळीत दोनदा दारू गेली असती," ते म्हणाले, "तर फोड हाताला आले नसते. हातच नसता."

त्या उन्हाळ्यात मला कळलं, की प्रत्येक रायफल आपल्या परीने हट्टी असते. एकाच कारखान्याच्या, एकाच मापाच्या दोन रायफलींना दोन वेगळ्या गोळ्या मानवतात. दुकानातलं काडतूस सगळ्यांसाठी केलेलं असतं. कुणाच्या रायफलीत ते छान बसतं, कुणाच्या नाही. बसत असेल तर खुशाल वापरा, पण बसतं की नाही हे झाडून बघायचं असतं, खोकं बघून नाही. हाताने भरणारा थोडं थोडं बदलत जातो, कागदावर झाडत जातो आणि शेवटी त्या एका रायफलीची एक गोळी सापडते. मग सराव तिचाच, शिकार तिचीच. कपाटात काही राखून ठेवायला उरत नाही. दुकानातल्या एका चांगल्या खोक्याच्या पैशात घरी भरलेल्यांचा कितीतरी पट सराव होतो, म्हणून हात आखडत नाही. आणि आणखी एक. जे काडतूस तुम्ही स्वतः तोललेलं असतं ते तुम्ही झुडपातल्या हालचालीवर उगीच झाडत नाही. हे मी कुठे वाचलेलं नाही. माझ्या हातांना जाणवलेलं आहे.

ऑगस्टमध्ये मी बाबांना म्हटलं, "रेंजवर चला. तुमच्या चांगल्या गोळ्या घेऊन. मी चुकले असेन तर सगळ्यांसमोर माफी मागेन. मराठीत, हॉलमध्ये, माइकवर."

ते आले. माफीसाठी आले, हे मला माहीत होतं.

म्हातारे आणि मी आदल्या दिवशी एक काडतूस बनवलं होतं. ना टोपी, ना दारू, वरून हुबेहूब. म्हाताऱ्यांनी बाबांना सांगितलं, मी भरून देतो, तुम्ही फक्त नेम धरा. दोन खऱ्या गेल्या. तिसरं ते होतं. बाबांनी चाप ओढला. नुसता 'टिक' असा आवाज झाला. बार नाहीच. पण रायफलीचं तोंड दाणकन खाली गेलं, खांदा पुढे आला आणि बाबांचे डोळे घट्ट मिटले होते. तसेच मिटलेले राहिले, दोन सेकंद.

रेंजवर आणखी चार-पाच माणसं होती. सगळ्यांनी पाहिलं.

"सर्जन साहेब," म्हातारे म्हणाले, "पोट कापतानाही डोळे मिटता का?"

लोक हसले. मीसुद्धा. बाबांनी रायफल खाली ठेवली. शर्टाची वरची दोन बटणं काढून खांदा दाखवला, लालभडक. त्या जड गोळीचा धक्का त्यांना सोसत नव्हता आणि त्यांनी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. पुरुषांनी भरलेल्या त्या टेकडीवर कोण सांगेल? डोळे उघडले तेव्हा आधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं. मी हसणं थांबवलं नाही. त्या वेळी मला दया आली नाही.

"मग काय करायचं?" ते म्हणाले. म्हाताऱ्यांना नव्हे, मला.

"हलकी गोळी, कमी दारू. पुस्तकात आहे. शंभर यार्डांपर्यंत भरपूर होते. त्याच्यापुढे तुम्ही झाडायचंच नाही."

त्या रविवारी बाबा तळघरात बसले. रोज टाके घालणारी बोटं. आठवड्याभरात ते माझ्यापेक्षा बारीक तोलायला लागले. बोलणं फारसं नव्हतंच. दारू ओतताना तर नाहीच. ऑक्टोबरपर्यंत त्यांनी दोनशेच्या वर झाडल्या. डोळे उघडे राहायला लागले. शेवटच्या कागदावर तीन भोकं एका रुपयाखाली झाकली जात होती. त्यांनी तो कागद काकांना दाखवला आणि म्हणाले, "तू पण ये. एक रविवार दे."

"काही गरज नाही," काका म्हणाले. "माझ्या खोक्यावर हरणाचं चित्र आहे. अजून काय पाहिजे?"

"यंदा एक तरी झाडून पाहिलीस का?"

"गेल्या वर्षी रायफल चालत होती ना? तिला काय झालंय वर्षभरात? डॉक्टर, लेकीच्या कोर्टात तुम्ही गुन्हा कबूल केलात, मला कशाला ओढता?"

पंच्याऐंशीचा सोमवार. तीच टेकडी, पातळ बर्फ. माझ्याकडेही त्या वर्षी लायसन्स होतं, पण मी रायफल उचलली नाही. मी बघायला गेले होते. आठ वाजता एक मोठा नर एकशे साठ-सत्तर यार्डांवर आला. बाबांनी रायफल खांद्याला लावली आणि खाली घेतली. "लांब आहे," म्हणाले. तो गेला. काका शेजारच्या झाडाखालून कुजबुजले, "अहो डॉक्टर, हरीण आहे ते, अपॉइंटमेंट घेऊन येत नाही." साडेनऊला दुसरा आला, ऐंशी यार्डांवर. बाबांनी झाडली. तो उडी मारून पंधरा-वीस पावलं पळाला आणि पळता पळताच कोसळला. आम्ही पोचलो तेव्हा डोळ्यावर बोट लावलं तरी हललं नाही. मारलं होतंच. त्याला गोड नाव देणार नाही. पण त्याला काय झालं हे कळायच्या आत झालं.

अकराच्या सुमारास काकांनी झाडली. शंभरच्या आत, सरळ डोक्यावर. बाबांच्या हरणाला उत्तर द्यायचं होतं. हरणाने मान झटकली आणि ते पळालं. बर्फावर दात होते. तीन दात, जिभेचा तुकडा आणि हाडाचे चुरे.

"चुकली," काका म्हणाले.

"चुकली नाही," बाबा म्हणाले. "खालचा जबडा गेलाय."

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: असं हरीण मरत नाही. पाय शाबूत असतात, पोट शाबूत असतं. खाता येत नाही, पाणी पिता येत नाही. एवढंच.

बाबा आणि मी अंधार पडेपर्यंत मागावर होतो. दोन ओहोळ, एक रेल्वेची लाइन, मग दुसऱ्याच्या जमिनीची पाटी. तिथे परवानगी मागायला दार ठोठावलं, घरात कुणी नव्हतं. काका दुपारी एकला परत गेले. त्यांना दुसऱ्या दिवशी ड्यूटी होती.

दहा दिवसांनी त्या जमिनीच्या मालकाचा फोन आला. दारावर बाबांनी चिठ्ठी लावून ठेवली होती. हरीण त्याच्या तळ्याकाठी मिळालं होतं. आम्ही गेलो. बरगड्या मोजता येत होत्या. जबडा कातड्यावर लोंबत होता. तोंड पाण्यात होतं, तळ्याच्या काठावरचा बर्फ खुरांनी फोडून फोडून त्याने आत घातलेलं. मालक म्हणाला, ते तीन-चार दिवस तिथेच उभं होतं, मला वाटलं पाणी पितंय.

बाबांनी तिथूनच, त्या माणसाच्या स्वयंपाकघरातून, काकांना फोन लावला. मी शेजारी उभी होते. रिसीव्हरमधून काकांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"तुझं हरीण सापडलं," बाबा म्हणाले. "उपाशी मेलं."

काका म्हणाले, "ते आपलंच कशावरून?"

"जबडा नाहीये रे त्याला."

"डॉक्टर, जंगलात काय कमी बंदुका आहेत? उगाच मनाला लावून घेऊ नका. शनिवारी पत्ते आहेत ना?"

"रविवारी तू तुझी रायफल घेऊन रेंजवर ये. त्याच खोक्यातल्या गोळ्या आण. आला नाहीस तर शनिवारी येऊ नकोस. परत कधीच नको."

काकांनी फोन ठेवला. ते ना रविवारी आले, ना शनिवारी, ना त्यानंतर. अठरा वर्षांची मैत्री. बाबा त्याबद्दल बोलत नाहीत, आणि आई अजून मला विचारते, समाधान झालं का? काकांची रायफल मात्र दर नोव्हेंबरात टेकडीवर जाते. मला हॉस्पिटलातल्या लोकांकडून कळतं. म्हणून हे लिहिते आहे. ते एकटे नाहीत, हे मला ठाऊक आहे. तुमच्यातले कितीतरी जण सहकाऱ्यांच्या आग्रहाने जाता, बायकोच्या मैत्रिणींना सांगत नाही, फोटो इंडियात पाठवता.

तर तुम्हाला सांगते. हाताने भरायला शिका. कुठल्याही गावात शिकवणारा एखादा म्हातारा असतो आणि तुम्ही विचारायचीच वाट बघत असतो. शिकायचं नसेल तर निदान हे करा: ज्या खोक्यातली गोळी हरणावर झाडणार, त्याच खोक्यातल्या तीन या आठवड्यात कागदावर झाडा. तिन्ही तुमच्या तळहाताखाली, जिथे नेम धरलात तिथेच झाकल्या गेल्या नाहीत, तर या नोव्हेंबरात घरी बसा. कुणी भित्रा म्हणेल, म्हणू दे. आणि कागद दाखवायला लाज वाटत असेल, तर लायसन्स आत्ता खिशातून काढा आणि फाडा.